पाठ हरवतो तेव्हा : संगणकातील ‘लायब्ररी’ आणि तिची पुनःस्थापना



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकातील एखादी लायब्ररी बिघडली किंवा चुकून पुसली गेली, तर ती पुन्हा जागेवर कशी आणावी, हा विषय तंत्रज्ञाचा. त्यात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने का पडावे? त्याचे उत्तर असे की, मराठीच्या अभ्यासकाचे निम्मे आयुष्य याच प्रश्नात जाते. पाठ बिघडला आहे, पान गहाळ आहे, मूळ काय होते ते ठरवायचे आहे : याला आम्ही पाठचिकित्सा म्हणतो. संगणकाच्या जगात हेच काम रोज, काही क्षणांत आणि बहुधा बिनचूक होते. ते कशामुळे साधते, हे समजून घ्यावे आणि त्यातून आपल्या भाषेसाठी काही उचलता येईल का ते पाहावे, एवढाच माझा हेतू आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, हरवलेली वस्तू परत मिळते ती नोंदीमुळे. आणि नोंदीवर विसंबता येते ते ती ठेवणाऱ्या माणसांमुळे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘लायब्ररी’ या शब्दाचे आपण ‘ग्रंथालय’ असे भाषांतर करतो. परंतु संगणकातली लायब्ररी ही वाचण्याची जागा नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारे एखादे काम एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने ते तिथून घ्यायचे, अशी ही सामाईक ठेव असते. मात्र या शब्दाचा उगम खऱ्याखुऱ्या कपाटातच आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एड्सॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्यावर वारंवार लागणाऱ्या गणिती रीती छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर उतरवून पोलादी कपाटात ठेवलेल्या असत. ज्याला जी रीत हवी, त्याने तिची पट्टी काढायची, तिची नक्कल आपल्या पट्टीवर करून घ्यायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तकच प्रसिद्ध केले. नक्कल आपल्याकडे, मूळ कपाटात : आजच्या पुनःस्थापनेचे बीज या व्यवस्थेत आहे.

आपणा बडोदेकरांना ही कल्पना परकी वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले आणि संस्थानात जी ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत असत. ज्या गावात ग्रंथालय नाही, त्या गावी ते पेटीत बसून जाई. संगणकाच्या भाषेत अशा पेटीला ‘पॅकेज’ म्हणतात आणि पेट्या मागवणे, उघडणे, त्यांतील वस्तू जागच्या जागी लावणे व सर्वांचा हिशेब ठेवणे ज्याच्याकडे असते, त्या व्यवस्थेला ‘पॅकेज मॅनेजर’. पूर्वी वाड्यातल्या धान्याच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा कोठावळा असे. मी आज त्याला याच नावाने संबोधणार आहे.

उदाहरणासाठी मी ‘डेबियन’ ही लिनक्स प्रणाली घेतो. इयान मर्डॉक यांनी ती १९९३ साली सुरू केली आणि आज जगभरातील स्वयंसेवक ती चालवतात. तिच्यात कोठावळे दोन आहेत. ‘डीपीकेजी’ हा घरातला : कोणती पेटी उघडली, तिच्यातील कोणती वस्तू कोठे ठेवली, याची वही त्याच्यापाशी. ‘ॲप्ट’ हा बाहेरचा व्यवहार पाहणारा : दूरच्या भांडारातून पेटी आणणे आणि तिच्यासोबत आणखी कोणत्या पेट्या लागतील हे ठरवणे त्याच्याकडे. शाळा-महाविद्यालयांत दिसणारी ‘उबुंटू’ ही प्रणालीही याच दोघांवर चालते.

आता लायब्ररी कोणती घ्यावी? मराठी लिहिणाऱ्याला जिच्यावाचून चालत नाही, अशी एक आहे. तिचे नाव ‘हार्फबझ’. ते फारसीतून आले आहे : हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. मराठीतला ‘हरफ’ तो हाच. बेहदाद इस्फाहबोद हे इराणी वंशाचे तंत्रज्ञ तिचे प्रमुख शिल्पकार. संगणकाच्या स्मृतीत मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो. ‘किती’ या शब्दात आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यात अर्धा र आडवा राहतो. फॉन्टमधली चिन्हे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात मांडावीत, याचा निवाडा हार्फबझ करते. लिनक्सवरील ‘लिबरऑफिस’सारखे लेखनाचे प्रोग्रॅम आणि पडद्यावरील खिडक्यांमधली बहुतेक अक्षरे तिच्यावरच उभी आहेत.

समजा, डिस्कवर जागा करण्याच्या भरात कोणी या लायब्ररीची फाइल पुसून टाकली. मराठी अक्षरे तेवढी वाकडीतिकडी दिसतील, असे आपल्याला वाटेल. पण तसे होत नाही. लिबरऑफिस उघडायला जावे, तर ते उघडतच नाही. अमुक नावाची सामाईक लायब्ररी उघडता आली नाही, अशी एक ओळ येते आणि काम थांबते. संगणक पुन्हा सुरू केला, तर चित्रमय पडदाही येईलच असे नाही. एक लहानशी फाइल गेली आणि तिच्यावर विसंबलेले सारे एकदम मुके झाले. प्रोग्रॅम मात्र सगळे जागेवर आहेत; आपण लिहिलेली पत्रे, लेख, कविता यांपैकी एक अक्षरही नष्ट झालेले नाही. हे पहिले ध्यानात घ्यावे, कारण घाबरलेला मनुष्य या घडीला सगळी प्रणालीच नव्याने घालायला निघतो आणि खरे नुकसान तिथे होते.

दुरुस्तीचा क्रम असा. चित्रमय पडदा नसला, तरी अक्षरांचा काळा पडदा मिळतो; तिथे हार्फबझची गरज नसते. आलेली ओळ शांतपणे वाचावी आणि गहाळ फाइलचे नाव टिपून घ्यावे. पुष्कळदा मूळ फाइल जागेवरच असते आणि तिच्याकडे निर्देश करणारा दुवा तेवढा तुटलेला असतो. असे असेल तर ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा तो दुवा पुन्हा जोडून देते. मूळ फाइलच गेली असेल, तर डीपीकेजीला विचारावे की या नावाची वस्तू कोणत्या पेटीतली? वस्तू जागेवर नसली तरी तो उत्तर देतो, कारण तो वस्तू पाहून नव्हे, वही पाहून सांगत असतो. त्याच्या वहीत प्रत्येक फाइलचा ठावठिकाणा तर असतोच, शिवाय बहुतेक फाइलींच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक मुद्राही असते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी मुद्रा बदलते. म्हणून पडताळणीची आज्ञा दिली की कोणती फाइल गहाळ आहे आणि कोणती बदलली आहे, याची यादी तो देतो.

पेटीचे नाव कळले की ती पुन्हा मागवायची. इथे एक गंमत होते. ॲप्टला नुसते ‘हे पॅकेज घाल’ म्हटले, तर तो म्हणतो, ते तर आधीच घातलेले आहे. त्याच्या वहीप्रमाणे ते खरेच असते. वहीत आहे पण फडताळात नाही, ही अवस्था कोणत्याही ग्रंथपालाच्या परिचयाची आहे. म्हणून त्याला ‘पुन्हा घाल’, म्हणजे ‘रीइन्स्टॉल’, असे स्पष्ट सांगावे लागते. मग तो त्याच आवृत्तीची पेटी आणतो, तिची मुद्रा तपासतो आणि वस्तू जागेवर ठेवतो. हार्फबझच्या बाबतीत एवढ्याने काम भागते.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. एक म्हणजे ‘आधी काढून टाकू, मग पुन्हा घालू’ हा विचार. कोठावळा हिशेबी असतो. हार्फबझ काढ म्हटले, की तिच्यावर विसंबलेले लिबरऑफिस आणि पडद्यावरचा सारा संसारही तो काढायला निघतो. तसे करण्यापूर्वी तो यादी दाखवून संमती मागतो. ती न वाचता ‘हो’ म्हणणारे थोडे नाहीत. दुसरी म्हणजे मित्राच्या संगणकावरून त्या नावाची फाइल उचलून आणणे. नाव तेच असले तरी आवृत्ती वेगळी असू शकते. मग एखादा प्रोग्रॅम उघडतो आणि अर्ध्या वाटेवर कोसळतो. शिवाय ही उसनी वस्तू वहीत नोंदलेली नसते. आमच्या शास्त्रात याला प्रक्षेप म्हणतात : दिसायला मूळ संहितेचाच भाग, पण कोणी आणि कधी घातला याचा पत्ता नाही.

या कोठावळ्याची आणखी एक रीत मला फार आवडते. लायब्ररीची फाइल तो बिनतक्रार पुन्हा आणून ठेवतो. पण जी फाइल वापरणाऱ्याने आपल्या सोयीप्रमाणे बदलायची असते, तिला तो तसा हात लावत नाही. तुम्ही ती बदलली असेल तर तो बदल राखतो. तुम्ही ती पुसली असेल, तर मुद्दाम वेगळी आज्ञा दिल्याखेरीज परत आणत नाही. पुसणे हाही धन्याचा निर्णय असू शकतो, असे तो मानतो. मूळ पाठ कोणता आणि वाचकाने समासात लिहिलेले टिपण कोणते, हा विवेक आपल्याकडच्या कित्येक नक्कलकारांना राहिला नाही. समासातली टिपणे पुढच्या प्रतीत मजकुरात शिरली.

आता एक कठीण प्रसंग. सगळ्या लायब्रऱ्यांच्या तळाशी ‘लिबसी’ नावाची एक लायब्ररी असते. फाइलींची यादी दाखवणे, नक्कल करणे ही साधी कामेही तिच्याआधारे चालतात. आणि स्वतः ॲप्ट व डीपीकेजीही तिच्यावरच उभे असतात. ती गेली तर दुरुस्ती करणाराच अंथरुणाला खिळतो. अशा वेळी बाहेरचा वैद्य आणावा लागतो. दुसऱ्या माध्यमावरची, बहुधा पेनड्राइव्हवरची, प्रणाली सुरू करायची, आजारी डिस्क तिला जोडायची आणि लिबसीची पेटी बाहेरून त्या डिस्कवर उघडायची. म्हणून जाणते लोक असा पेनड्राइव्ह आधीच करून ठेवतात. ज्या साधनाने दुरुस्ती करायची, ते साधन ज्या वस्तूवर टेकलेले आहे तिचा एक जोड घराबाहेर असावा, हा धडा संगणकापुरता मर्यादित नाही.

येथवर आपण असे गृहीत धरले की, दूरच्या भांडारातून येणारी पेटी अस्सलच आहे. हे कशावरून? व्यवस्था अशी आहे की, प्रत्येक पेटीची मुद्रा एका यादीत असते. त्या यादीची मुद्रा दुसऱ्या एका पत्रकात असते आणि त्या पत्रकावर डेबियनच्या भांडाराची सांकेतिक स्वाक्षरी असते. ती ओळखण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीपासून असते. त्यामुळे वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ते उघडकीस येते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा मूळ रचनेला जवळजवळ तीनशे वर्षे होऊन गेली होती. ताडून पाहायला हाती होत्या त्या नकलांच्या नकला. कोणत्याही प्रतीवर मूळची मुद्रा नव्हती. जे होते ते नाथांचे भाषाज्ञान आणि त्यांची निष्ठा. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी एका जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि कोणता पाठ मूळचा, हा वाद अभ्यासकांत सुरू झाला. मुद्रा असती, तर हा वाद एका क्षणात मिटला असता.

पण मुद्रेने सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. दोन घटना सांगतो. २२ मार्च २०१६ रोजी, जावास्क्रिप्ट या भाषेच्या ‘एनपीएम’ नामक भांडारातून एका लेखकाने, पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर, आपली सारी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्टपॅड’ नावाचे एक होते, अवघ्या अकरा ओळींचे. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर दुसरे विसंबलेले, त्या दुसऱ्यावर तिसरे. जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. भांडाराच्या चालकांनी काही तासांतच ते परत ठेवले आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. इथे कोणाचा संगणक बिघडला नव्हता. कपाटातली मूळ पट्टीच निघून गेली होती. मूळच नसेल, तर पुनःस्थापना कशाची करणार?

दुसरी घटना अधिक गंभीर आहे. ‘एक्सझेड’ ही माहिती आवळून ठेवणारी लायब्ररी अनेक वर्षे मुख्यत्वे एकच मनुष्य, विनामोबदला, सांभाळत होता. तो थकला होता. अशा वेळी एक टोपणनावधारी मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने नेकीने काम केले, विश्वास मिळवला आणि २०२४ च्या आरंभी निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्याची युक्ती पाहा. सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत तो चालू करणारा भाग नव्हता; तो वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत होता. हस्तलिखित निराळे आणि छापील प्रत निराळी! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला; तो त्याने दुर्लक्षिला नाही, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हे जगासमोर आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते विष पोहोचले नव्हते. पण चाचणीच्या आवृत्त्यांत पोहोचले होते, आणि तिथे मुद्रा व स्वाक्षऱ्या सगळ्या बरोबर जुळत होत्या. प्रत मूळाबरहुकूम आहे, एवढेच मुद्रा सांगते. मूळ प्रामाणिक आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही.

यावर डेबियनने केलेला उपाय म्हणजे पुनःस्थापनाच होती, जुन्या निर्दोष आवृत्तीची. पण कोठावळ्याच्या लेखी आवृत्तीचा आकडा चढताच असतो. मग मागे कसे जायचे? त्यांनी नव्या पेटीचे नाव ठेवले ‘५.६.१ रियली ५.४.५’. म्हणजे वहीच्या समाधानासाठी ५.६.१, खरोखर मात्र ५.४.५. आत काय आहे ते नावातच उघडपणे सांगणारा हा ‘खरोखर’ मला लेखनातील सचोटीचा नमुना वाटतो.

मित्रहो, आता आपल्या घरात डोकावू. १९९० च्या दशकात मराठी संस्थांनी संगणकावर मजकूर जुळवायला आरंभ केला. युनिकोडचा तक्ता १९९१ पासून होता. पण तो प्रत्यक्ष हाती यायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी असे. एकात ‘क’ च्या जागी जो रोमन वर्ण, दुसऱ्यात तिथे ‘ळ’. त्या काळच्या स्मरणिकांच्या आणि विशेषांकांच्या फाइली आज उघडल्या, तर अर्थहीन रोमन अक्षरांच्या रांगा दिसतात. फाइल धड आहे. तिला वाचणारा फॉन्ट हरवला आहे. पुष्कळ ठिकाणी तर तो कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा होता, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही. हार्फबझ गेली तर ती परत येते, कारण तिचे नाव, आवृत्ती, अवलंबन आणि मुद्रा वहीत आहे. आपला तीस वर्षांपूर्वीचा मजकूर अडला, कारण वहीच नव्हती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी समाजाला याची झळ अधिक लागते. आपल्या शाळांची, मंडळांची आणि नाट्यसंस्थांची छापील सामग्री कोण्या मोठ्या ग्रंथालयात असेलच असे नाही. ती गेली तर दुसऱ्या भांडारातून मागवता येणार नाही. इथे मूळ कपाट आपणच आहोत.

म्हणून या शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. जुन्या फाइलींपैकी ज्यांचा फॉन्ट अजून कोणाच्या संगणकावर आहे, त्या आजच युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहाव्यात. मराठीच्या शिक्षकांनी यात लाज वा कंटाळा करू नये, हे त्यांचेच काम आहे. प्रत्येक प्रकाशनासोबत एक साधा कागद ठेवावा : फाइलचे नाव, दिनांक, कोणत्या प्रोग्रॅमने केली, फॉन्ट कोणता आणि तिची मुद्रा काय. त्या सर्वांचा एक जोड शाळेच्या इमारतीबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी, असावा. तिसरी सूचना माणसांविषयी आहे. हे काम एकाच उत्साही व्यक्तीवर टाकून बाकीच्यांनी निश्चिंत होऊ नये. एक्सझेडची कथा ही मूलतः एकट्या पडलेल्या राखणदाराची कथा आहे. आपल्यापैकी जे संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी रोज वापरल्या जाणाऱ्या या मोफत लायब्रऱ्यांना वेळाने वा पैशाने हातभार लावावा. देवनागरीतील एखादे जोडाक्षर चुकीचे उमटत असेल, तर ते नेमकेपणाने कळवणे हीदेखील भाषेची सेवाच आहे.

‘पुन्हा घाल’ ही आज्ञा द्यायला क्षणही लागत नाही. तो क्षण सोपा व्हावा म्हणून कोणीतरी पेटी बांधलेली असते, कोणी वही लिहिलेली असते, कोणी कपाटाला राखण बसलेले असते. त्यांपैकी एक काम तरी आपल्या शाळेने अंगावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.